तुम्ही विचारलंत म्हणून: साप्ताहिक चालायचं कशावर?

तालुक्याच्या साप्ताहिकात मी बारा वर्षं काढली हे कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "पण ते चालायचं कशावर हो?"

बातम्यांवर नक्कीच नाही. आमचा अंक चार पानी. संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक सगळे एकच, आमचे अण्णा. वर्गणी मागायला गेलं की चहा मिळायचा, पैसे 'पुढच्या बाजाराला'.

चालायचं ते छापखान्यावर. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायटीचे अहवाल. लग्नसराईत ट्रेडलला, म्हणजे आमच्या छपाईच्या यंत्राला, उसंत नसायची. पण टपालाचा सवलतीचा दर हवा तर अंक नेमून दिलेल्या वारीच टपालात पडायला हवा, म्हणून बुधवारी रात्री पत्रिका बाजूला सारून अंक चढवायचा. (निवडणुकीत वेगळीच पंचाईत. उमेदवारांत पाटील जास्त झाले की मथळ्याच्या मोठ्या टाइपात 'ट'चे खिळे, म्हणजे जुळणीची शिशाची सुटी अक्षरं, संपायचे.)

दुसरा आधार जाहीर नोटिशीचा. कुणी जमीन घ्यायला निघाला की त्याचा वकील मजकूर धाडणार: अमुक गटातील मिळकत आमचे अशील खरेदी करीत आहेत, कोणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत कळवावे. पैसे रोख. आणि अण्णांच्या अग्रलेखापेक्षा हीच जागा लोक डोळ्यांत तेल घालून वाचायचे. मुंबईला गिरणीत गेलेले आमचे कितीतरी वर्गणीदार नोटिशींसाठीच अंक मागवत. गावातला भाऊ सामाईक रान परस्पर फुंकत नाही ना, एवढंच त्यांना बघायचं असे. आम्हाला ते कमीपणाचं वाटायचं. आता वाटतं, त्याहून कामाची बातमी आम्ही दिलीच नाही.

६ जानेवारीला पत्रकार दिनाच्या भाषणांत १८३२ चं 'दर्पण' आणि बाळशास्त्री जांभेकर येतात, मग 'केसरी'. यायलाच हवेत. मला मात्र आठवतात मुकुंदराव पाटील. त्यांचे जनक वडील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' काढलं. मुकुंदरावांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालवलं ते नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून, आधी सोमठाणे, मग तरवडी. १९६७ पर्यंत. तालुक्याचंही गाव नव्हे, आणि अंक सत्यशोधक विचारांचा, म्हणजे गावोगावच्या बड्यांना न रुचणारा. आमच्याकडे निदान कोर्ट होतं, वकील होते. तरी अण्णा दर दिवाळीला बंद करायची भाषा करायचे.

शेवटी ऑफसेट आलं, पत्रिका शहरात छापून येऊ लागल्या, आणि छापखाना गेला तसा अंकही गेला. खिळे किलोवर मोडीत निघाले. मापात घालताना एक चौकट सुतळीने बांधलेली तशीच सापडली: 'फॉर्म ४, नियम ८', म्हणजे वर्तमानपत्राच्या मालकीचं निवेदन: मालकाचं नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता. फेब्रुवारी सरल्यानंतरच्या पहिल्या अंकात ती छापावीच लागे, म्हणून आम्ही तिचे खिळे कधी सुटे केलेच नव्हते. वर्षाचा आकडा तेवढा बदलायचो.