आजच्या ताज्या बातम्या, कालच्या पेपरातून

आमच्या गावात पेपर येतो साडेअकराच्या एसटीने आणि शाळेचा परिपाठ असतो दहाला, त्यामुळे "आजच्या ताज्या बातम्या" असं छाती पुढं काढून म्हणणारं पोरगं जे वाचत असतं तो कालचा पेपर असतो, म्हणजे घडलेलं सगळं परवाचं. कित्येक वर्षं हे असंच चालू आहे आणि एकाही मुलाला त्यात काही चुकतंय असं वाटलेलं नाही. सुरुवातीला मला वाटायचं की सांगावं का, मग म्हणलं जाऊ दे, परवा हरलेल्या मॅचची बातमी पोरं आज तोंड पाडून ऐकतात, आपण कशाला मध्ये पडायचं.

शाळा जिल्हा परिषदेची, बीडच्या डोंगरपट्ट्यातली, दोन खोल्यांची. पहिली ते चौथी मिळून सत्तावीस पोरं आणि शिक्षक दोन. साठपर्यंत पट असला की दोन शिक्षक असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय, त्यामुळे तक्रारीला जागा नाही, फक्त दोनातला एक कायम मीटिंगला असतो हे कायदा लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं. सरांकडे तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकाचा चार्ज, म्हणजे यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदीची) माहिती, पोषण आहाराचा हिशोब आणि ग्रुपवर दर दोन तासांनी येणारी "अति तातडीचे" अशी लिंक. माझ्याकडे पहिली-दुसरी. आणि सर गेले की चारही वर्ग, एक व्हरांडा आणि एक कुत्रं, जे कुणाचंच नाही पण हजेरीला रोज असतं.

तर परिपाठ. राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, मग प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, पाढे. आमची पोरं सगळं खणखणीत म्हणतात, फक्त बातम्या आल्या की आवाज बदलतो. टीव्हीवरची बाई जशी शेवटचा शब्द लांबवते तसं लांबवायचं, आणि वाचून झालं की पेपराची घडी घालून दोन सेकंद समोर बघत राहायचं. हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

गावच्या बातम्या मात्र २०२१ ला सुरू झाल्या आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य आहे. कोरोनात दीड वर्षाहून जास्त बंद असलेले खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबरला उघडले, आणि तेव्हा एसटीचा संप चालू होता. एसटी नाही म्हणजे पेपर नाही. परिपाठात चौथीतलं एक पोरगं सवयीने पुढं आलं, "आजच्या ताज्या बातम्या" म्हणलं आणि हातात काहीच नाही. गप्प उभं राहिलं. सगळी पोरं त्याच्याकडे बघतायत, सर माझ्याकडे, मी सरांकडे. मग त्यानं एकदम सांगून टाकलं, "काल रात्री आमची म्हैस व्याली. वगार झाली." आणि दोन सेकंद समोर बघत राहिलं.

टाळ्या पडल्या हो. राष्ट्रगीतालाही इतकी सरळ उभी नसतात तेवढी पोरं ताठ झाली होती. एकीने विचारलं, खरवस केला का. दुसऱ्याने विचारलं, रंग कसा. माझी नोकरी तेव्हा तेरा वर्षांची झाली होती, पेपरातल्या बातमीवर कुणी प्रश्न विचारलेला मी एकदाही ऐकला नव्हता.

संप एप्रिलमध्ये मिटला, पेपर परत आला, पण पोरं ऐकेनात. तेव्हापासून दोन बातम्या पेपरातल्या आणि एक गावची, असा नियम झाला. पाळीची यादी भिंतीवर आहे. गावची बातमी मी एका वहीत लिहून ठेवते, का ते विचारू नका, वही मोकळी होती म्हणून सुरू केलं.

पुढं संपादकीय धोरणही आखावं लागलं. झालं असं की तिसरीतल्या एकानं बातमी दिली की काल रात्री पप्पा आणि आई भांडले आणि पप्पा ओट्यावर झोपले. बारा वाजायच्या आत त्याची आज्जी शाळेत हजर. आज्जी भांडण झालं म्हणून आली नव्हती, ती म्हणाली, "मॅडम, ओट्यावर त्यो नव्हता झोपला, म्या झोपले होते, मला आत गरम व्हतं." म्हणजे तक्रार बातमी फोडल्याची नव्हती, चुकीची छापल्याची होती. तेव्हा ठरलं की घरातलं भांडण, कुणाचं कर्ज आणि कोण काय पिऊन आलं हे बातमीत घ्यायचं नाही. पोरांनी लगेच विचारलं, नाव न घेता चालेल का. नाही चालणार. बावन्न उंबऱ्यांचं गाव, नाव न घेता सांगितलं तर जास्तच कळतं.

मागच्या आठवड्याची वही आत्ता समोर आहे. दिवाळीची सुट्टी संपली की शाळेला जी एक मरगळ असते ती अजून होती, कापूस वेचायला आयांबरोबर पोरी जात होत्या त्यामुळे हजेरी अठरा-एकोणीस. सोमवारची गावची बातमी: "हापसा दुरुस्त करायला माणूस आला आणि चहा पिऊन गेला." बास. याच्यावर मी काय भर घालणार.

सोमवारी लोहाच्या गुलाबी गोळ्या असतात, आठवड्याला एक, जेवणानंतर. मंगळवारी पहिलीतल्या एकाची पाळी होती, त्याला पेपर वाचता येत नाही म्हणून त्याला गावचीच बातमी. तो पुढं आला आणि म्हणाला, "काल गोळी खाल्ली आणि आज माझी शी काळी झाली." सर पाठ फिरवून झेंड्याच्या खांबाकडे बघत उभे राहिले, खांदे हलत होते. मी आपली शास्त्रीय माहिती दिली की लोहामुळे होतं तसं, घाबरायचं नाही. तर सतरा हात वर, माझी पण, माझी पण. त्या दिवशीचा परिपाठ तिथंच संपला. दिनविशेषसुद्धा राहिला असता, पण चौथीतली सोडेना. मंगळवारी ११ नोव्हेंबर, राष्ट्रीय शिक्षण दिन, मौलाना अबुल कलाम आझादांची जयंती. तिनं वाचलं मौलाना अबुल कलाम, आणि सांगितलं की त्यांनी मिसाईल बनवलं. ते दुसरे कलाम, त्यांचा वाचन प्रेरणा दिन आपण १५ ऑक्टोबरला केला, हे समजावलं तर ती म्हणाली, "मग दोघांना एकच नाव कशाला दिलं." दरवर्षी कुणीतरी हे करतंच. मी आता वाटच बघते.

बुधवारी एक जण अजूनही "आज अंडी आहेत का" विचारतो. २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारनं आठवड्यातून एकदा अंडं सुरू केलं होतं, न खाणाऱ्याला केळं, तेव्हा कोण अंडं खातो आणि कोण केळं याची यादी करताना जे नाट्य झालं त्यावर वेगळं लिहावं लागेल (घरात माळ घातलेली असलेल्या दोन पोरांनी माझ्या कानात येऊन सांगितलं की यादीत केळं लिहा पण वाढताना बघू). २०२५ च्या सुरुवातीला त्याचा निधी थांबला. पोराच्या डोक्यातला बुधवार मात्र थांबलेला नाही.

खिचडी रोज पोरांच्या आधी मोठ्या माणसानं चाखायची आणि चव नोंदवहीत लिहायचं असतं. आमच्या वहीत तीन वर्षं सलग "चव चांगली" आहे. एकदा फक्त दुसरीतल्या मुलाच्या आजोबांनी लिहिलंय, "मीठ कमी. पण बाईचा स्वभाव चांगला." स्वयंपाकाच्या मावशी ते पान अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडून दाखवतात.

याच आजोबांचं आणि आमचं एक जुनं भांडण आहे, आकड्यांचं. दुसरीच्या पुस्तकात २०१९ पासून सदुसष्ट बरोबर "साठ सात" असंही म्हणायला दिलंय, आणि नातू पेपरातला आकडा तसाच वाचतो. आजोबा पारावरून ओरडतात, "सदुसष्ट म्हण की रं!" पाराला आमचा परिपाठ स्वच्छ ऐकू येतो ही एक अडचणच आहे, पण गावातली निम्मी म्हातारी माणसं दहाला तिथं येऊन बसतात ती काही पेपरातल्या बातम्यांसाठी नाही. मला विचाराल तर पोरांना "साठ सात" लवकर कळतं, आणि बाजारात मात्र सदुसष्टच लागतं, म्हणून मी दोन्ही शिकवते.

त्याच बुधवारी पक्षी सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा, या दोघांच्या मधला आठवडा पक्ष्यांचा. पोरांना म्हणलं होतं पक्ष्याची बातमी आणा. आली ती अशी: "आमच्या विहिरीवर सुगरणीचे नऊ खोपे आहेत, त्यातले तीन अर्धेच आहेत." मी म्हणलं, अर्धे का असतील? तर नर आधी खोपा अर्धा विणतो, मादी येऊन बघते आणि पसंत पडला तरच पुढं पूर्ण होतो, हे मी सांगणार तेवढ्यात बातमीदारच म्हणाला, "पैसे संपले असतील." त्याच्या घराचं घरकुल दोन वर्षं स्लॅबपर्यंत येऊन थांबलंय. मग मी सुगरणीचं सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, आता सांगणं भाग होतं.

गुरुवारी बिबट्या. शुक्रवारी परत बिबट्या, यावेळी दुसऱ्या शेतात. बिबट्याची बातमी कुणी स्वतः पाहिलेली नसते, ती कायम मामाच्या मित्राने पाहिलेली असते, तरी सर शुक्रवारी पोरांना वाडीपर्यंत सोडून आले, मोटारसायकल हळू चालवत आणि पोरं बाजूनं चालत. चौदा तारीख होती, बालदिन. सोडताना सरांच्या खिशातली चॉकलेटं संपली आणि मिरवणूक बरीच लांबली.

शनिवारी सकाळची शाळा आणि दप्तर नाही. पाळी होती चौथीतल्या त्याच मुलीची, कलामांवरून भांडलेली. पेपरातल्या दोन बातम्या तिनं वाचल्या, घडी घातली, आणि गावची बातमी सांगितली. "आमची टोळी आज रात्री निघणार. ट्रक आठ वाजता येणार. शेळी आज्जीजवळ ठेवणार. कोंबड्या नेणार."

टाळ्या वगैरे काही नाही. त्या व्हरांड्यातल्या सात जणांच्या घरी हीच बातमी होती, काहींची आधीच जाऊन झालेली. दिवाळी झाली की इकडचे कोयते ऊस तोडायला तिकडं जातात, पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात, तिथं कोपी म्हणजे झोपडी करून राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. पोरांना मागं ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आज्जी-आजोबांकडेही पोरं राहतात, पण हिला धाकटा भाऊ आहे दीड वर्षाचा आणि आई फडात गेली की त्याच्याजवळ कुणीतरी पाहिजे. सरांनी तिचं शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, म्हणजे तिकडच्या जवळच्या शाळेत दाखवलं की बसवून घेतात. मी सूचना द्यायला लागले, शाळेत जायचंच, पाढे म्हणायचे, फोन करायचा. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष माझ्यामागच्या भिंतीवर.

"मॅडम, पुढच्या बुधवारी पण माझी पाळी आहे."

तिची पाळी एरवी आठवड्यातून दोनदा यायचं कारण नाही, पण हजेरी कमी म्हणून यादी लवकर फिरली होती. मी म्हणलं दुसऱ्या कुणाला देऊ आपण. ती म्हणाली, नको.

मग काल बुधवारी सव्वादहाला सरांच्या फोनवर तिच्या वडिलांचा फोन आला. सरांनी स्पीकर लावून फोन पहिलीच्या बाकावर ठेवला आणि सगळी पोरं त्याच्याभोवती उकिडवी बसली. पलीकडून आधी ट्रॅक्टर, मग कुणीतरी कुणाला तरी ओरडलं, मग ती. "आजच्या ताज्या बातम्या. आमची कोपी झाली. इथं थंडी लई आहे. कारखान्याचा भोंगा रात्री पण वाजतो. एक कोंबडी ट्रकमधून उडून गेली, ती सापडली नाही." आणि थांबली. इकडं पोरांना कळलं की ती आता दोन सेकंद समोर बघत असणार, म्हणून कुणी बोललंच नाही.

शेवटी पहिलीतला, तो काळ्या शीवाला, फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाला, "कोणती? लाल का?"

"लाल," ती म्हणाली, आणि रेंज गेली.