गाडी आपली की जागा आपली?

सोलापुरातून टॉवेल बाहेरगावी पाठवायचे तर एरवी फार डोकं चालवावं लागत नाही. दाबून बांधलेल्या गाठी हुंडेकऱ्याच्या, म्हणजे मालवाहतूकदाराच्या, गोदामात टाकायच्या, माल घेतल्याची पावती म्हणजे बिल्टी घ्यायची, काम संपलं. पण नोव्हेंबरातली जयपूरच्या हॉटेलची ऑर्डर गाठींत जाणारी नव्हती. पांढरेशुभ्र टॉवेल, काठावर हॉटेलचं नाव विणलेलं, १२० खोकी. तिकडे लग्नसराई तोंडावर आलेली. माल आठवड्याच्या आत पोचलाच पाहिजे, असा फोनवर फोन.

मी डिस्पॅच बघतो. मालकांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "पार्टलोडनं टाका. अडीच टनाला अख्खी गाडी कशाला?" पार्टलोड म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीत, आपल्या मालापुरतं भाडं देऊन.

हुंडेकरी अण्णा टेप घेऊनच आले. खोकं २४ बाय १८ बाय १८ इंच, म्हणजे साडेचार घनफूट. आत माल २२ किलो. पण घनफुटाला १० किलो धरून अण्णांनी त्याचे ४५ किलो केले, आणि आमचा २,६४० किलोचा माल कागदावर ५,४०० किलो झाला. किलोला ७ रुपये धरले तरी ३७,८०० रुपये, वर हमाली आणि घरपोच वेगळं. सतरा फुटी बंद आयशर ट्रक अख्खा घेतला तर ४२,०००.

"हवेचंही भाडं लावता काय अण्णा?" मालक चिडले.

"मालक, तुमचं खोकं बसलं तिथं दुसऱ्याचं बसत नाही. दाबून गाठी करा, वजनावर घेतो."

गाठी केल्या असत्या तर हॉटेलवाल्याने माल परतच पाठवला असता.

मला पैशांपेक्षा चढउताराची काळजी होती. पार्टलोडचा माल पुण्याच्या गोदामात उतरणार, दुसऱ्या गाडीत चढणार, जयपूरला पुन्हा उतरून छोट्या टेम्पोत जाणार. दर वेळी हमालाचा आकडा, दर वेळी शेजारी कुणाचं तरी तेलाचं पिंप. गाडी बदलली की ई-वे बिलात, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात, नव्या गाडीचा नंबर टाकायचा. २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने मिळालेले सात दिवस गोदामातच सरले, तर मुदत वाढवण्यासाठी पुन्हा धावपळ. शिवाय जादा जोखमीचा दर भरला नसेल तर नुकसानीची जबाबदारी कायद्याने भाड्याच्या दहा पटींपुरतीच. आमचा माल दहा लाखांच्या वर होता.

एवढ्यात एका दलालाचा फोन आला. किशनगडहून मार्बल घेऊन आलेली गाडी रिकामी परत निघाली होती, २६,००० रुपयांत. किशनगड म्हणजे जयपूरच्या अलीकडेच. मालकांचा चेहरा खुलला.

"फक्त आमचाच माल ना?" मी विचारलं.

"तसंच समजा."

ते 'समजा' काही मला पटेना. मोटरसायकल काढली आणि गाडी उभी होती तिथे, मार्केट यार्डात गेलो. केबिनच्या बाजूने कांद्याच्या गोणी थेट वरपर्यंत रचून झाल्या होत्या. उघडी बॉडी, फळ्यांच्या फटींत मार्बलची भुकटी. ड्रायव्हर बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "प्याज तो कल से बुक है साब. आपका डिब्बा पीछे आएगा, ताडपत्री डाल देंगे."

म्हणजे नाव अख्ख्या गाडीचं आणि माल पार्टलोडचा. तोही बिल्टीशिवाय, कारण दलाल बिल्टी देणारच नव्हता. पार्टलोडवाला निदान काय करणार ते तोंडावर सांगतो. मी फोटो काढून मालकांना पाठवला आणि तिथूनच आयशर ठरवली. बुकिंगच्या मेसेजमध्ये 'वाटेत दुसरा माल भरायचा नाही' हे लिहून घेतलं. संध्याकाळी खोकी भरली, दाराला सील मारलं. चौथ्या दिवशी सकाळी पोच पावतीचा फोटो आला. दिल्लीच्या व्यापाऱ्याला जायच्या आमच्या टॉवेलच्या गाठी मात्र त्याच संध्याकाळी अण्णांच्या पार्टलोडनेच गेल्या.

कांद्याच्या फोटोला मालकांचं उत्तर रात्री आलं : "आज काय भाव फुटला?"