फ्रिजमधलं रताळं

मंगळवार, रात्री पावणेबारा

रताळ्याच्या, म्हणजे आमच्या टाकीतल्या अ‍ॅक्सोलॉटलच्या (बेडकाच्या नात्यातला, पण जन्मभर पाण्यातच राहणारा प्राणी), डाव्या कल्ल्याला पांढरं काहीतरी चिकटलंय. संध्याकाळी ऑफिसातून आले तेव्हा वाटलं, आईचा कापूस उडाला असेल, दुपारी ती वाती वळत बसते. मग लक्षात आलं की टाकीवर झाकण असतं. आणि कापूस पाण्यात असा कोंभ आल्यासारखा उभा राहत नाही.

थर्मामीटरवर २७. असायला हवं १८.

टाकीचं पाणी गार ठेवणाऱ्या चिलरचा दिवा बंद. शनिवारी रात्री आमच्या इमारतीची लाईट तीनदा गेली-आली, त्यातच तो बसला असणार. रविवार-सोमवार आम्ही दोघं नाशिकला लग्नात. आई घरी होती. तिला काही सांगून गेलो नव्हतो, कारण तो दोन-तीन दिवस उपाशी राहिला तरी चालतं. आई आता म्हणते, "मी बोट बुडवून पाहिलं की काल. छान कोमट झालं होतं पाणी. म्हटलं बरं झालं, एरवी बिचारं गारठून जातं."

तिच्यावर चिडणार तरी कशी?

नळीमागे गांडुळाचा एक तुकडा सापडला, शनिवारचा, कुजलेला. अमोनियाची चाचणी केली. नळकांड्यातलं पाणी पिवळं राहिलं पाहिजे, ते बघता बघता पोपटी झालं. म्हणजे तीन दिवस हा उकाड्यात, स्वतःच्याच घाणीत. कल्ले पुढे वळलेत, शेपटीचं टोक आकडीसारखं. त्याची तक्रार करायची पद्धत एवढीच. आवाज नाही, आणि चेहरा तर कायम हसरा, मरतानाही हसराच दिसेल.

निम्म्याहून जास्त पाणी बदललं. पिंपात कालचं साठवलेलं होतं म्हणून बरं. त्यात अँटी-क्लोरीनचे थेंब, आणि टॉवेलात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या. बाटल्या हे नवऱ्याचं खातं. तो दर दीड तासाला गजर लावून उठणार म्हणतोय. बघू.

लेकीला पुण्याला अजून कळवलं नाही. उद्या तिची परीक्षा आहे.

बुधवार

जनावरांच्या तीन डॉक्टरांना फोन केले. दोघांनी आधी "काय?" विचारलं आणि मग "आम्ही कुत्री-मांजरंच बघतो." तिसऱ्यांनी ऐरोलीतल्या एकांचा नंबर दिला, ते कासवं आणि पोपट बघतात.

मासे आणायला जी थर्माकोलची पेटी नेतो, तीच घेतली. पाचपाखाडीहून भर दुपारी रिक्षा. रिक्षावाला आरशातून म्हणाला, "पापलेट का ताई?" मी म्हटलं, नाही हो, आजारी आहे. त्यानंतर ऐरोली पुलापर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी आधी नोंदणीचा कागद मागितला. २०२४ च्या नियमांनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, ती लेकीने तेव्हाच करून ठेवली होती. त्या कागदावरचं त्याचं नाव, 'अँबिस्टोमा मेक्सिकॅनम', फार भारदस्त वाटलं. घरातलं नाव आईने ठेवलेलं. चार वर्षांपूर्वी लेक पिशवी घेऊन आली तेव्हा आई म्हणाली, "हे काय रताळं आणलंस?" आणि सोललेल्या रताळ्यासारखाच तो होता, पांढरट-गुलाबी, बोटभर. आता वीतभर आहे.

बुरशीच आहे, ते म्हणाले. माशांच्या दुकानातलं कुठलंही औषध परस्पर घालू नका, याच्या अंगावर खवले नाहीत, कातडी सगळं पिते. स्वतंत्र डबा, रोज पूर्ण पाणी नवं. दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं, लिटरला दोन चमचे, आयोडीन नसलेलं मीठ. पंधरा मिनिटांवर एक मिनिटही नाही. आणि दोन दिवसांत फरक पडला नाही तर फ्रिज.

"फ्रिज म्हणजे?"

"तुमचा घरचाच. पाच ते आठ अंश. तो मंदावतो, बुरशीही मंदावते. त्याला तेवढाच वेळ मिळतो."

बाहेर पडताना म्हणाले, "आणि हात लावू नका. आपल्या हाताची उष्णता त्याला सोसत नाही."

गुरुवार

आमच्या घरात आजारपण म्हणजे ऊब. ताप आला की आईचा हात कपाळावर, छाती भरली की ओव्याची पुरचुंडी, पोट दुखलं की हिंगाचा लेप, आणि काहीच कळेनासं झालं की गरम मऊ भात, मेतकूट, तूप. मी लेकीला असंच वाढवलं. माझ्या हातांना दुसरं काही येत नाही. आणि हा असा रुग्ण की त्याला जवळ घेतलं तर भाजेल, पांघरलं तर मरेल, आणि खाऊ घातलं तर त्यानेच आजारी पडेल.

दहा मिनिटं फार मोठी असतात. मिठाच्या पाण्यात सोडल्यावर पहिला अर्धा मिनिट तो गप्प, मग एकदम उसळला, भांड्याच्या कडेला धडकला. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. नवरा मोबाईलवर सेकंद मोजत होता, मोठ्याने. त्याला म्हटलं, मनात मोज.

मीठ मिळवायलाही गंमत झाली. घरातलं सगळं आयोडीनयुक्त. सैंधव चालेल का, आईने विचारलं, उपासाला चालतं तर याला का नाही. शेवटी माशांच्या दुकानातून टाकीसाठीचं वेगळं मीठ आणलं, आपल्या मिठाच्या कितीतरी पट महाग. दुकानदार सोबत निळं औषधही देत होता, "सगळेच नेतात." नको म्हटलं.

लेकीला सांगितलं. रडली. मग माझ्याच चुका काढल्या, चिलरला स्टॅबिलायझर का नाही लावला वगैरे. बरोबर आहे तिचं.

शुक्रवार

आज पाणी नाही. काल रात्री सगळी भांडी भरून ठेवली होती. आम्ही तिघांनी अर्धी-अर्धी बादली अंघोळ केली, रताळ्याला पूर्ण नवं पाणी. आईने देवाजवळ बसून हे मोठ्याने बोलून दाखवलं.

बुरशी आता दोन कल्ल्यांवर.

शनिवार, रात्री

ठेवला.

धान्याचा पाच लिटरचा डबा, झाकणाला भोकं, बाजूला काळं कापड. वरच्या कप्प्यात कैरीचं पन्हं, मध्ये इडलीचं पीठ, खाली रताळ्या. दारावर चिकटपट्टीने कागद लावलाय, 'खालचा डबा उघडू नये', कारण भांडी घासायला येणारी बाई घाबरून किंचाळली तर तिची काही चूक नसेल. रोज बदलायचं पाणीही आधी फ्रिजमध्येच गार करायचं, म्हणून दोन कळशा आत. भाजी बाहेर. कोथिंबीर ओल्या फडक्यात, आईच्या आईच्या काळासारखी.

आई दोनदा म्हणाली, जिवंत जनावर फ्रिजमध्ये ठेवतात का कुठे. मी तिला सांगायला बसले. तो मूळचा मेक्सिको सिटीतल्या शोचिमिल्कोच्या तळ्यातला. ते शहर २२४० मीटर उंचावर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर अजून सहाशे मीटर रचले तर. तिथलं पाणी बारा महिने गार. त्याला आपल्या ठाण्याच्या एप्रिलमध्ये आणणं हाच मुळात अत्याचार, फ्रिज नव्हे.

"मग आणलाच कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे चार वर्षांत तयार झालेलं नाही.

खरं तर रताळ्याने तळं कधी पाहिलेलंच नाही. त्याच्या पन्नासेक पिढ्यांनी तरी पाहिलं नसेल. १८६४ मध्ये मेक्सिकोहून पॅरिसला गेलेल्या खेपेतले सहा प्राणी द्युमेरिल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाला मिळाले, पाच नर आणि एक मादी. त्यांचा वंश इतका वाढला की ते युरोपभर वाटले गेले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत नि घरांत जे आहेत त्यांतल्या बहुतेकांचं मूळ त्या खेपेपर्यंत जातं. म्हणजे हा दीडशे वर्षांचा काचेतला. इकडे खऱ्या तळ्यात मात्र १९९८ मध्ये एका चौरस किलोमीटरला सहा हजारांच्या आसपास होते, २०१४ ला छत्तीस. सांडपाणी, वाढतं शहर, आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प नि तिलापिया, जे याची अंडी आणि पिल्लं खातात. तिलापिया आपल्याकडच्या तळ्यांतही सापडतो. संध्याकाळी मासुंदा तळ्याकाठी पाव टाकणारी मुलं बघते तेव्हा हल्ली माझं लक्ष पाण्यात खाली जातं. तळ्यांचं शहर म्हणून आपण केवढा मान मिरवतो, आणि किती तळी बुजवली याचा हिशोब विचारला तर जुनी माणसं बोटं मोजायला लागतात आणि मध्येच थांबतात.

रात्री दोनला फ्रिज उघडला. आतला दिवा लागला तसा एक पाय हलला. चार बोटं, बाळाच्या मुठीसारखी. बंद केला.

रविवार

लेकीने पुण्याहून सांगितलं, कोऱ्या चहात ठेवतात, डॉक्टरांना विचार. विचारलं. चालेल म्हणाले, हलका आणि पूर्ण गार. आईला पहिल्यांदाच या उपचारातलं काही कळलं. तिनेच केला. साखर नको, आलं नको, गवती चहा तर मुळीच नको, हे मला तीनदा सांगावं लागलं. पाणी विटकरी झालं आणि त्यात हा पांढरा. आई म्हणाली, "बिस्किट विसरलं."

मंगळवार

आज पाणी बदलताना आई स्टूल घेऊन शेजारी बसली. म्हणाली, कल्ला झडला तर? मी सहज म्हटलं, परत येईल. पाय तुटला तरी येतो, पूर्ण, हाडासकट, आणि व्रणही राहत नाही. शेपटी येते, हृदयाचा तुकडा काढला तर तोही भरतो. जगभरचे शास्त्रज्ञ याच्याच मागे लागलेत. २०१८ मध्ये याचा सगळा जनुकसंच वाचून काढला, माणसाच्या दहापट मोठा निघाला.

बोलून गेले आणि मग ध्यानात आलं.

तीन वर्षांपूर्वी साखरेपायी आईच्या डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. चप्पल घासून एवढासा फोड आला होता. मी रोज ड्रेसिंग करायचे, आणि रोज ते बोट काल होतं त्याहून काळं दिसायचं. तेव्हाही माझे हात होते आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. तो पाय तिने स्टुलाखाली ओढून घेतला असं मला वाटलं. कदाचित नसेलही ओढला.

मग म्हणाली, "दहापट आहे ना त्याच्याकडे? त्यातलं थोडं मला द्यायला सांग तुझ्या शास्त्रज्ञांना."

आणि पुढे, "तो मोठा होत नाही म्हणतेस ना? म्हणून जमत असेल. आपण मोठे होतो."

हे तिला कुणी सांगितलं? मी फक्त एवढंच सांगितलं होतं की बेडकाचं पिल्लू जसं कल्ले टाकून जमिनीवर येतं तसा हा येत नाही, जन्मभर पिल्लूच राहतो आणि तशातच त्याला पिल्लं होतात. बाकीचा धागा तिने स्वतः जोडला. डॉक्टरांना विचारायला हवं यात कितपत तथ्य आहे.

गुरुवार

बुरशीचे दोन पुंजके आज पाणी ओतताना आपोआप सुटून आले. खालचा कल्ला बोडका दिसतो, पिसं उपटलेल्या कोंबडीसारखा. चिलरवाला येऊन गेला, भाग मागवावा लागेल, सोमवार.

शनिवार

शी केली!

फ्रिजचं दार उघडं टाकून तिघं बघत उभे होतो. लेकीला फोटो पाठवला, तिने हॉस्टेलवर मैत्रिणींना दाखवला म्हणे. पोट चालू आहे, अडकलेलं काही नाही. डॉक्टरांनाही फोटो पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला.

मंगळवार, रात्री

चिलर चालू. टाकी दोन दिवस रिकामीच फिरवली, अमोनिया पिवळा, नायट्राईट शून्य. मग डबा फ्रिजमधून बाहेर, तास-दीड तास टेबलावर, मग टाकीच्या पाण्याचा एकेक पेला त्यात, संध्याकाळपर्यंत. सात वाजता सोडला. तळाशी बसला, कुंडीच्या तुकड्यामागे गेला, पुन्हा आला. कल्ले मागे. चिमट्यात धरून अर्धं गांडूळ समोर हलवलं. बराच वेळ काही नाही. मग एकदम तोंड उघडून ओढून घेतलं, चिमट्यासकट.

बोडक्या कल्ल्यावर बारीक लव दिसतेय. भिंग लावून पाहिली, नवऱ्यालाही दाखवली. तो म्हणाला त्याला काही दिसत नाही, पण त्याला चष्म्याशिवाय काहीच दिसत नाही.

आईने आपल्या जुन्या नऊवारीचा एक धुवट तुकडा टाकीच्या खिडकीकडच्या बाजूला लावून दिलाय, ऊन येतं म्हणून. मी सांगितलं नव्हतं.

उद्या: अँटी-क्लोरीन संपलंय. स्टॅबिलायझरचं विचारायचं. फ्रिजवरचा कागद काढायचा. आईची साखर, उपाशीपोटी, आणि पाय नीट उजेडात बघायचे, दोन्ही.