दहापैकी सात

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं आणि सगळ्यात आधी बाई आठवल्या. सगळ्याच गुरुजनांचं स्मरण व्हावं असं संपादक मंडळाने सुचवलं आहे. ते काम इतर जण माझ्याहून चांगलं करतील. मी बाईंवरच लिहिणार. मराठीच्या बाई म्हटलं की आपल्या वेळच्या कुणालाही नाव सांगावं लागत नाही.

वडिलांची बदली झाली म्हणून मी सहावीत, तेही नोव्हेंबरात, या शाळेत आलो. तोवर बाकांवरच्या जोड्या जमलेल्या होत्या आणि मधल्या सुट्टीतली कोंडाळीही. मला कुणी छळलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. चिडवलंसुद्धा नाही. फक्त हाक कुणी मारायचं नाही. मधली सुट्टी कशी काढायची हा माझा रोजचा प्रश्न. नळाच्या रांगेत उभं राहायचं, नंबर आला की मागच्याला ‘तू घे आधी’ म्हणून पुन्हा शेवटी जायचं. मग सूचनाफलक. वरच्या इयत्तांची परीक्षेची वेळापत्रकंही मला पाठ होती. एकट्या मुलाला फार काम असतं. आपल्याला काही काम नाही हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ते सारखं राबत असतं.

अशात बाईंनी निबंध घातला, ‘माझा जिवलग मित्र’. मी एक मित्र तयार केला. डावखुरा, गुडघ्यावर जुनी खोक, गणितात माझ्यापेक्षा कच्चा (हे मुद्दाम). ‘मला उशीर झाला तर तो माझी जागा धरून ठेवतो,’ असंही एक वाक्य होतं. त्याचं नावही ठेवलं होतं. दोन पानं कशी भरली कळलं नाही.

चांगले निबंध बाई वर्गात वाचून दाखवत. माझी वही उघडली, दोन-चार ओळी मनातच वाचल्या, मिटली आणि दुसरी घेतली. मला सुटल्यासारखंही वाटलं आणि रागही आला. वही परत मिळाली तेव्हा दहापैकी सात होते. शीर्षकात मी ‘जीवलग’ लिहिलं होतं, त्यातल्या दीर्घ वेलांटीभोवती लाल गोल. आणि सगळ्यात खाली बाईंच्या तिरप्या अक्षरात: ‘आता त्याने तुझ्यावर लिहिलेला निबंध आण.’

त्याला आठवडा लागला. स्वतःविषयी दुसऱ्याच्या तोंडून लिहायचं म्हणजे काय, हेच आधी कळेना. शेवटी त्याने जे लिहिलं त्यात ही दोन वाक्यं होती: ‘हा कुणाशी आपणहून बोलत नाही. कुणी जवळ येऊन उभं राहिलं तरी हा पुस्तकातून मान वर काढत नाही.’ हे मला ठाऊक होतं हे मला ठाऊक नव्हतं. बाईंनी ते व्हरांड्यात उभ्या-उभ्याच वाचलं. ‘तुझ्या मित्राला डोळे आहेत रे,’ एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून वर्गाच्या वह्या शिक्षकखोलीत न्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि ‘एकट्याला झेपायच्या नाहीत’ म्हणून सोबत आणखी एक जण. मला सहज झेपल्या असत्या. तो आणखी एक जण पुढे दहावीपर्यंत माझ्या बाकावर होता आणि आज या महोत्सवाच्या समितीत आहे. या लेखासाठी माझ्यामागे लकडा त्यानेच लावला.

पुढे मी समुपदेशक झालो. या कामात आता बावीस वर्षं झाली. बाईंनी माझ्याकडून करून घेतलं त्याला शास्त्रात जागा आहे हे अभ्यासक्रमात कळलं तेव्हा गंमत वाटली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले: एकात जिवाभावाचं एक माणूस नसतं, दुसऱ्यात आपलं म्हणावं असं वर्तुळ नसतं. एकाची उणीव दुसऱ्याने भरत नाही. नव्या मुलाला सबंध वर्गात ढकलण्यापेक्षा त्याच्यासोबत वह्या उचलायला एकच मुलगा देणं जास्त उपयोगी का पडलं असेल, ते मला तिथे उमगलं. मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकअ‍ॅडम्स म्हणतात की आपण आपल्या आयुष्याची एक गोष्ट रचतो आणि तीच आपली ओळख होते. संशोधनासाठी ते लोकांची जी मुलाखत घेतात तीत आयुष्याची प्रकरणं पाडून प्रत्येकाला शीर्षक द्यायला सांगतात. मी माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांना तसंच सांगतो, आणि वर बाईंचा निबंधही घालतो.

माझ्या गोष्टीतल्या या प्रकरणाचं शीर्षक बरीच वर्षं ‘मला कुणी घेतलं नाही’ असं होतं. दहा वर्षांपूर्वीच्या स्नेहमेळाव्यात वर्गातली एक जण सहज म्हणाली, ‘आम्हाला वाटायचं तुला शिष्टपणा आहे. दोनदा खेळायला बोलवायला आलो होतो, तू पुस्तक वाचत होतास.’ मला दोनांतली एकही वेळ आठवत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी दाखवलं आहे की एकटं पडलेलं मन नकाराच्या खुणा आधी टिपतं आणि मग स्वतःला जपायला मागे सरतं. मी शिकवताना हे कितीदा सांगितलं असेल! स्वतःला लावायला मात्र तिचं बोलणं लागलं.

तरी त्या दिवसांनीच मला घडवलं असं मी म्हणणार नाही. मनोगतात तसं लिहायची पद्धत आहे, पण नोव्हेंबर ते जानेवारी हे तीन महिने वाईटच होते आणि नसते आले तर माझं काही बिघडलं नसतं.

मध्यंतरी शाळेत येऊन गेलो. सूचनाफलकाच्या जागी पडदा आहे, त्यावर सूचना सरकत जातात. वाचत उभं राहावं एवढा वेळ एकही थांबत नाही. आताचा नवा मुलगा मधल्या सुट्टीत कुठे बघत असेल?

तिथून बाईंकडे गेलो. निबंध त्यांना अजिबात आठवत नव्हता. वह्यांचंही नाही. ‘मी असं सगळ्यांनाच काहीबाही लिहायला सांगायचे,’ म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसत विचारलं, ‘नाव काय ठेवलं होतंस त्याचं?’

त्यांना सांगितलं. इथे लिहीत नाही.