रीप्ले असूनही अंपायर चुकतात कसे?

क्रिकेट बघत वाढलेली मंडळी अमेरिकेत बेसबॉल बघू लागली की हा प्रश्न हमखास येतो. फर्स्ट बेसपासूनच सुरुवात करतो, म्हणजे चेंडू मारल्यावर फलंदाजाला धावत गाठायचा पहिला टप्पा. त्याच्याआधी चेंडू तिथल्या फील्डरच्या ग्लोव्हमध्ये आला तर तो आउट, नाहीतर सेफ (नाबाद).

तिथला अंपायर शेवटच्या क्षणी चेंडू बघतच नाही. थ्रो सरळ येतोय एवढं पाहून तो नजर बेसवर रोखतो. धावपटूचा पाय बेसवर टेकला हे डोळ्यांनी टिपायचं आणि चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा ‘थप्’ कानांनी. चेंडू तळव्याऐवजी जाळीत अडकला किंवा प्रेक्षकांचा गलका झाला, की कान फसतात.

2 जून 2010 ला डेट्रॉइटचा पिचर (चेंडू टाकणारा) अर्मांडो गालारागाने क्लीव्हलंडचे सलग 26 फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावा उघडउघड आउट होता; फर्स्ट बेसचा अंपायर जिम जॉइसने सेफ दिला आणि परफेक्ट गेम (एकालाही बेसवर न पोचू देता सर्व 27 बाद) हुकला. रीप्ले 2008 मध्येच आला होता, पण फक्त होमरनच्या (आपल्या षटकारासारखा फटका) वादांपुरता. मॅनेजरला (संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला) चॅलेंज, म्हणजे निर्णय रीप्लेवर तपासून मागायचा हक्क, मिळाला तो 2014 पासून.

नेहमीच्या सामन्यात सुरुवातीला एकच चॅलेंज. बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. निकाल न्यूयॉर्कमध्ये बसलेले अंपायर देतात. ठोस पुरावा नसेल तर मैदानावरचा निर्णय कायम. आपल्या ‘अंपायर्स कॉल’सारखंच, फक्त इथे चॅलेंजही जातं. आणि पुरावा नेहमी मिळतोच असं नाही. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या, तर 35 मीटर प्रतिसेकंद वेगाचा चेंडू एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत 58 सेंटिमीटर सरकतो. एका फ्रेममध्ये बाहेर, पुढच्या फ्रेममध्ये ग्लोव्हच्या आत! पाय नेमका त्याच फटीत पडला तर काय ठरवणार?

उलट, काही ठिकाणी रीप्ले जरा जास्तच बघतो. धावपटू घसरत सेकंड बेसला वेळेत पोचतो, पण झोकात पाय क्षणभर बोटभर उचलला जातो. फील्डरने चेंडू असलेला ग्लोव्ह धावपटूच्या अंगाला चिकटवून ठेवला असेल तर स्लो मोशनमध्ये तो आउट. नियमात बसतं, कबूल. पण रीप्ले यासाठी मागितला नव्हता.

बॉल-स्ट्राइकला, म्हणजे न मारलेला चेंडू स्ट्राइक झोनमधून गेला (स्ट्राइक) की बाहेरून (बॉल) या निर्णयाला, चॅलेंज 2026 च्या हंगामापासून. संघाला दोन, तेही फक्त फलंदाज, पिचर किंवा कॅचरनेच (आपल्या यष्टिरक्षकासारखा) टोपी-हेल्मेटवर थाप मारून ताबडतोब मागायचं. डगआउटमधून खुणा चालत नाहीत. झोन होम प्लेटइतका (फलंदाजाजवळच्या जमिनीवरच्या पाटीइतका) रुंद, म्हणजे 17 इंच. वरची कड फलंदाजाच्या उंचीच्या 53.5 टक्क्यांवर, खालची 27 टक्क्यांवर. त्यामुळे आता खेळाडूंची उंची बूट काढायला लावून मोजतात.