सहा वर्षं कंसात कशी टाकू?

एमएस्सी नर्सिंगच्या डेझर्टेशनसाठी मी डायलिसिसच्या पेशंटच्या मुलाखती घेतेय. प्रपोजलमध्ये सगळे लिहितात तसं मीपण लिहून टाकलं होतं, की संशोधक स्वतःचे पूर्वग्रह ब्रॅकेटिंग करून बाजूला ठेवेल. हे तत्त्वज्ञ हुसर्लचं, म्हणजे आपल्याला आधीपासून जे माहितीय ते कंसात टाकायचं आणि समोरच्याला अनुभव जसा येतो तसाच बघायचा. वाचताना पटतं. पण मी डायलिसिस युनिटला सहा वर्षं काढलीत, ती कंसात कशी टाकू?

तिसऱ्या मुलाखतीत एक मावशी म्हणाल्या, "सिस्टर, हा हात आता माझा नाही राहिला, मशीनचा झाला." फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशन करून ज्यात शीर धमनीला जोडलेली असते तो. असल्या हातांना बोटं लावून मी रोज थ्रिल, म्हणजे आतून वाहणाऱ्या रक्ताची थरथर, बघायचे, या हातावर बीपी घेऊ देऊ नका, वजन उचलू नका, झोपताना अंगाखाली घेऊ नका असं सांगायचे, आणि सहा वर्षांत कुणालाच विचारलं नव्हतं की या हाताचं तुम्हाला काय वाटतं. म्हणजे हुसर्ल बरोबरच, माझ्या माहितीनेच माझे कान बंद केले होते. पण फिस्टुला म्हणजे काय हेच माहीत नसतं तर त्या वाक्यापाशी मी थांबले तरी असते का?

इथे मला तत्त्वज्ञ हायडेगर जवळचा वाटला. तो हुसर्लचाच असिस्टंट होता, १९२७ च्या 'बीइंग अँड टाइम'मध्ये तो म्हणतो की माणूस आधीच जगात गुंतलेला असतो, आपलं कुठलंही समजणं आधीच्या समजण्यावरच उभं राहतं, कोरी पाटी घेऊन कुणी बघतच नाही. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनरनं १९८४ मध्ये नर्सच्या अनुभवातून येणाऱ्या जाणतेपणावर लिहिलं ते याच वाटेनं. नुसतं 'फेनॉमेनॉलॉजिकल डिझाईन' (फेनॉमेनॉलॉजी म्हणजे माणसाला अनुभव जसा येतो तसा समजून घेण्याची पद्धत) लिहून भागत नाही, कुणाची फेनॉमेनॉलॉजी ते ठरवावंच लागतं, कारण त्यावर मुलाखतीत मी कोण म्हणून बसणार ते ठरतं.

मॅडमशी बोलून मेथडॉलॉजीचं चॅप्टर पुन्हा लिहायला घेतलंय. प्रत्येक मुलाखतीआधी मला काय ऐकू येईल असं वाटतंय ते डायरीत लिहिते, नंतर ताडून बघते. ट्रान्सक्रिप्ट इंग्रजीत करताना मात्र अडलेय. मावशी वार सांगतच नाहीत, त्यांच्या आठवड्यात दोनच वार आहेत, 'मशीनचा दिवस' आणि 'सुट्टीचा'. ते दोन शब्द मी सध्या मराठीतच ठेवलेत.