तुम्ही विचारलंत म्हणून: खान्देशात लाल पानं कुठून आणायची?

दिवाळीच्या सुमारास अमेरिकेतल्या भाचे-पुतण्यांचे लाल-पिवळ्या झाडांखालचे फोटो येतात आणि मला विचारणा सुरू होते, "ताई, असं झाड जळगावात जगेल का? मेपल लावू?"

नका लावू. मेपलला गारठ्यातली लांब विश्रांती लागते. आपल्या मे महिन्यातल्या 45 अंशांत त्याची पानं करपतील. शिवाय तिकडची पानगळ थंडी आणि लहान होत जाणाऱ्या दिवसांमुळे होते, आपल्याकडची मुख्यतः जमिनीतली ओल आटल्यामुळे. म्हणून ऑक्टोबरात रंग शोधूच नका, आपला तमाशा डिसेंबरनंतर.

अंगण मोठं असेल तर देशी बदाम लावा. पान कुठे पिवळं पडतं, कुठे तांबूस होतं, मग विटकरी लाल. शेजारचं पान तोवर हिरवंगारच असतं. या दिवसांत रोज नळी सोडून बसू नका. बहार धरताना (झाडाला फुलं आणायला) लिंबूवाले ताण देतात, म्हणजे काही दिवस पाणी तोडतात, तसा थोडा ताण मोठ्या झाडाला चालतो. अंगण मात्र रोज झाडावं लागेल. त्याचा कंटाळा असेल तर पुढे माझ्याकडे तक्रार आणू नका.

फाटकावर संक्रांतवेल चढवा. जानेवारीत नारंगी फुलांखाली पानं दिसत नाहीत. कुंडीत पॉइनसेटिया. त्यातलं लाल ते फूल नव्हे, पानंच. ती रंगायला लांब, सलग अंधाऱ्या रात्री लागतात. पोर्चमधल्या दिव्याखाली ठेवलेली कुंडी हिरवीच राहते आणि दोष नर्सरीवाल्याला मिळतो.

शेत असेल, बांध खडकाळ असेल, तर माझी पहिली पसंती कांडोळ. सातपुड्यात पानं झडल्यावर त्याचं पांढरट, गुळगुळीत खोड लांबून ओळखू येतं. जवळ गेलं की सालीचे पातळ पापुद्रे सुटताना दिसतात. हिवाळ्यात बघायला फूलच हवं असं कुणी सांगितलं? लोक त्याला भुताचं झाड म्हणतात, म्हणोत बापडे.

आणि खरा लाल हवा असेल तर तो पानगळीत नाही, पालवीत आहे. मार्चच्या आसपास कोशिंब बघा, कोवळी पानं इतकी लाल की झाड फुललंय असंच वाटतं. पण ते मोठं होतं आणि सावकाश वाढतं. बंगल्याच्या कोपऱ्यात नको, शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात लावा. रोप पावसाळ्याच्या सुरुवातीलाच लावा, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं खोल जातील.